तुमचे प्रश्न : ते रीलाँचचं बटण दाबलंत का?

या वेळी बरीचशी पत्रं ब्राउझरच्या अपडेटबद्दलच आली आहेत. क्रोमबद्दल सर्ट-इनचा, म्हणजे सायबर सुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेचा, इशारा आला की टीव्हीवर पट्टी फिरते, मग तीच व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते, आणि मग सगळे एकमेकांना विचारायला लागतात की आता नक्की करायचं काय. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेते, आज फक्त हाच विषय. काही पत्रांत ऑफिसचा, कामाचा उल्लेख आहे त्यामुळे नावं कुणाचीच छापत नाहीये.

प्रश्न : ताई, क्रोम दर आठवड्याला अपडेट मागतं. केल्यावर दिसायला तर काहीच बदललेलं नसतं. मागच्याच आठवड्यात केलं होतं. दर वेळी खरंच गरज असते का, की महिन्यातून एकदा केलं तरी भागेल?
– एक शिक्षिका, संगमनेर

महिन्यातून एकदा नाही भागणार. का ते जरा सविस्तर सांगते, कारण हे एकदा डोक्यात बसलं की पुढचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

दिसायला काही बदलत नाही कारण यातले बरेचसे अपडेट दिसण्यासाठी नसतातच, ते आतली भोकं बुजवायला असतात. ब्राउझर हा प्रचंड मोठा प्रोग्रॅम आहे आणि त्याचं कामच असं आहे की जगात कुणीही बनवलेली फाइल, फोटो, व्हिडिओ, कोड बिनदिक्कत घ्यायचा आणि तुमच्या मशीनवर चालवून दाखवायचा. त्यात मेमरी वापरताना कुठेतरी चूक राहिली की बाहेरच्या माणसाला आत शिरायला वाट मिळते. क्रोमियमच्या टीमने २०२० मधे आपलेच गंभीर बग, म्हणजे प्रोग्रॅममधल्या चुका, तपासले तेव्हा त्यातले साधारण ७० टक्के मेमरीच्या चुकांमुळे झालेले निघाले, म्हणजे हे काही कधीतरी होणारं प्रकरण नाही, रोजचं आहे.

आता मुख्य मुद्दा. क्रोम ज्यावर बांधलंय ते क्रोमियम आणि फायरफॉक्स, दोन्हींचा कोड उघडा असतो, कुणीही वाचू शकतं. भोक सापडलं की दुरुस्ती आधी त्या कोडमधे जाते, मग टेस्टिंग होतं, मग ती तुमच्यापर्यंत येते. या मधल्या काळात ज्याला हल्ला करायचाय तो माणूस बसून वाचत असतो की नेमकी कुठली ओळ बदलली, म्हणजे आधी तिथे काय बिघडलेलं होतं. गावातल्या सगळ्या घरांना एकाच सुताराने एकाच धाटणीची कडी बसवलीय, आणि एक दिवस तो एका घराची कडी काढून कुठला खिळा कच्चा होता ते दाखवून नवीन बसवतो, तर ज्या घरांनी अजून बदलली नाही त्यांची पंचाईत कालपेक्षा आज जास्त, तसलाच हा प्रकार. पूर्वी क्रोममधे हे अंतर सरासरी ३५ दिवसांचं असायचं, मग दर दोन आठवड्यांनी अपडेट द्यायला लागल्यावर १५ दिवसांच्या आसपास आलं, आणि ऑगस्ट २०२३ मधे आवृत्ती ११६ पासून गूगलने सिक्युरिटीचे अपडेट दर आठवड्याला द्यायला सुरुवात केली. म्हणजे तुम्हाला जो दर आठवड्याचा त्रास वाटतोय तो मुद्दाम तसा ठरवलाय, हे अंतर कमी करायला.

एक खरं उदाहरण देते. सप्टेंबर २०२३. वेबपी नावाचा फोटोंचा एक प्रकार आहे, हल्ली बऱ्याच वेबसाइट त्यातच फोटो ठेवतात. हे फोटो उघडणारी लिबवेबपी नावाची एक छोटी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा तुकडा, आहे, क्रोमही तीच वापरतं, फायरफॉक्सही तीच, एज, ब्रेव्ह, ऑपेरा सगळेच तीच. फोटो दाबून लहान केलेला असतो, तो उलगडायला आत एक तक्ता तयार करावा लागतो, आणि त्या तक्त्याला जागा किती लागेल ते आधी ठरवलेलं असतं. कुणीतरी मुद्दाम वेडावाकडा फोटो बनवला की तक्ता त्या जागेच्या बाहेर लिहायला लागायचा. बस, एवढीच चूक. पण परिणाम असा की तुम्ही कशावरही क्लिक न करता नुसता तो फोटो पानावर दिसला तरी पुरे. अ‍ॅपलची सिक्युरिटी टीम आणि टोरांटो युनिव्हर्सिटीची सिटिझन लॅब यांनी ६ सप्टेंबरला गूगलला कळवलं, ११ तारखेला क्रोमची दुरुस्ती आली, १२ तारखेला फायरफॉक्सची. आणि गूगलने तेव्हाच सांगून टाकलं होतं की याचा वापर करून हल्ले चालू आहेत. ज्यांनी त्या आठवड्यात "दिसायला काही बदलत नाही" म्हणून अपडेट पुढे ढकललं त्यांचा ब्राउझर अपडेट करेपर्यंत उघडाच राहिला.

अपडेटच्या सूचनेत "हल्ले प्रत्यक्ष चालू आहेत" अशा अर्थाचं वाक्य असेल तर त्याच दिवशी करा, एवढं एक लक्षात ठेवा. बगचे तपशील मात्र त्यात बहुतेक वेळा सापडणार नाहीत, जास्तीत जास्त लोकांचं अपडेट होईपर्यंत ते मुद्दाम झाकून ठेवतात आणि ते बरोबरच आहे.

प्रश्न : ब्राउझर आपोआप अपडेट होतो ना? मग ते रीलाँच रीलाँच काय लावलंय? माझे ढीगभर टॅब उघडे असतात, जीएसटीचं काम अर्धवट असतं, बंद केलं तर सगळं जाईल. लॅपटॉप मी रोज रात्री बंद करतोच.
– एक अकाउंटंट, डोंबिवली

लॅपटॉप बंद करता म्हणजे झाकण लावता की शटडाऊन देता? बहुतेक जण झाकण लावतात, आणि तेवढ्याने तो फक्त झोपतो, सकाळी उठला की क्रोम तोच, कालचाच, जुनाच. अपडेट आपोआप डाउनलोड होतं हे खरं आहे पण ते बाजूला येऊन पडून राहतं, चालू असलेल्या ब्राउझरमधे शिरत नाही. ब्राउझर पूर्ण बंद होऊन पुन्हा उघडला की मगच नवीन आवृत्ती चालू होते. आत्ता वाचता वाचताच बघा, वरचे तीन टिंब, हेल्प, अबाऊट गूगल क्रोम. तिथे "निअरली अप टू डेट" असं लिहिलेलं असेल आणि शेजारी रीलाँचचं बटण असेल, तर दुरुस्ती तुमच्या मशीनवर येऊन बसली आहे आणि तुम्ही अजून भोक असलेलाच ब्राउझर वापरताय.

खिडकी फुलीने बंद केली तरी काही वेळा क्रोम मागे चालूच राहतं, सेटिंगमधे सिस्टिम या भागात "खिडकी बंद केल्यावरही मागे चालू ठेवा" अशा अर्थाचं एक बटण असतं ते बंद करून टाका. मॅक असेल तर लाल टिंबावर क्लिक करून फक्त खिडकी जाते, क्विट द्यावं लागतं.

आता टॅबचं. क्रोमचं रीलाँच बटण दाबलं की साधे टॅब होते तसे परत येतात. एरवीही यावेत म्हणून सेटिंगमधे ऑन स्टार्टअप मधे जाऊन "कंटिन्यू व्हेअर यू लेफ्ट ऑफ" करून ठेवा. फायरफॉक्समधे जनरल सेटिंगमधे मागच्या खिडक्या आणि टॅब उघडायचा पर्याय आहे. परत येत नाहीत ते इनकॉग्निटोचे टॅब, आणि अर्धवट भरलेला फॉर्म जाऊ शकतो, बँकेचं किंवा पोर्टलचं लॉगिन पुन्हा करावं लागू शकतं. म्हणून रिटर्न भरताना मधेच दाबू नका, ते सबमिट करा, पावती सेव्ह करा आणि मग लगेच दाबा, लगेच म्हणजे उद्या नाही.

मला याची एवढी तळमळ का वाटते ते पण सांगते. ८ ऑक्टोबर २०२४ ला ईसेट या अँटिव्हायरस कंपनीच्या लोकांनी फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाला त्यातलं एक भोक कळवलं, त्यावरून हल्ले चालू होते, ओळख लपवायला फायरफॉक्सवरच बांधलेला टॉर ब्राउझर वापरणारे पण त्यात होते. मोझिलाच्या लोकांनी ते समजून घेऊन, दुरुस्त करून, तपासून २५ तासांत १३१.०.२ ही आवृत्ती जगभर पोचवली. २५ तास! एवढ्या मोठ्या प्रोग्रॅमसाठी हे काम किती अवघड आहे ते ज्यांनी थोडंफार सॉफ्टवेअरचं काम केलंय त्यांना कळेल. आणि मग शेवटची पायरी आपल्या हातात असते, ती आपण टॅबसाठी आठवडाभर अडवून ठेवतो. क्रोमच्या कोपऱ्यातली ती खूण बघितली असेल, पहिल्यांदा हिरवी असते, अपडेट येऊन चारेक दिवस झाले की नारिंगी, आठवडा उलटला की लाल. लाल होईपर्यंत थांबायचं कारणच नाही.

प्रश्न : शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमधे मी स्वतः प्रत्येक मशीनवर क्रोम अपडेट करतो, दुसऱ्या दिवशी बघतो तर परत जुनं. व्हायरस असेल का?
– लॅब असिस्टंट, बार्शी

व्हायरस नसावा. तुमच्या लॅबमधे डीप फ्रीझसारखं सॉफ्टवेअर टाकलेलं असणार, मुलांनी काहीही केलं तरी रीस्टार्ट केलं की मशीन पहिल्यासारखं करणारं. ते मुलांनी बदललेला वॉलपेपर जसा पुसतं तसंच तुमचं अपडेट पण पुसतं. मशीन आधी थॉ मोडमधे आणा, म्हणजे हे पुसणं तात्पुरतं थांबवा, विंडोज आणि ब्राउझर दोन्ही अपडेट करा, मग परत फ्रीझ करा. पासवर्ड ज्या व्हेंडरने बसवलं त्याच्याकडे असेल तर मागून घ्या. यात आठवड्याची एक ठरलेली वेळ लावून आपोआप थॉ होऊन अपडेट घ्यायची सोय पण असते, ती एकदा लावून दिली की तुमची रोजची कटकट गेली.

प्रश्न : आम्ही सरकारी टेंडर भरतो. डीएससीचं म्हणजे डिजिटल सहीचं टोकन चालावं म्हणून सेटअप करून देणाऱ्या माणसाने जुनं फायरफॉक्स ५२ टाकून दिलंय, अपडेट बंद केलंय आणि बजावलंय की हात लावू नका. त्याच मशीनवर मेल, बँक सगळं चालतं. धोका आहे का?
– एक कॉन्ट्रॅक्टर, सोलापूर

आहे, आणि बराच आहे. त्या माणसाने तसं का केलं ते समजून घ्या आधी, त्याचं अगदीच चुकलं नव्हतं. पूर्वी टेंडरच्या पोर्टलवर सही करायला ब्राउझरमधे जावाचं प्लगिन, म्हणजे वरून जोडलेला छोटा प्रोग्रॅम, लागायचं. ती प्लगिनची जुनी पद्धत एनपीएपीआय नावाची, तिच्यातूनच एवढे हल्ले व्हायला लागले की ब्राउझरवाल्यांनी ती काढूनच टाकली, क्रोमने सप्टेंबर २०१५ मधे, फायरफॉक्सने मार्च २०१७ मधे आवृत्ती ५२ ला. फक्त ५२ च्या ईएसआर म्हणजे लांब मुदतीच्या आवृत्तीत ती शिल्लक ठेवली होती, आणि त्या आवृत्तीचे अपडेट पण २०१८ च्या सप्टेंबरात थांबले. म्हणजे तुमच्या मशीनवर आहे तो ब्राउझर तेव्हापासून एकही दुरुस्ती न मिळालेला आहे, वर जावाचं जुनं प्लगिन, आणि त्याच मशीनमधे तुमच्या कंपनीच्या सहीचं टोकन खोचलेलं.

पहिलं काम आजच करा, त्या मशीनवर चालू आवृत्तीचा दुसरा ब्राउझर टाका, डिफॉल्ट तोच ठेवा, मेल बँक व्हॉट्सअ‍ॅप वेब सगळं तिकडे हलवा. जुन्या फायरफॉक्समधे टेंडरच्या पोर्टलशिवाय दुसरं एकही पान उघडायचं नाही, गूगल सर्च पण नाही. ज्या मुलाला टायपिंगला बसवलंय त्यालाही हे नीट सांगा, कारण तो यूट्यूब उघडणारच.

दुसरं काम पोर्टलच्या हेल्पडेस्कला फोन करायचं. बऱ्याच पोर्टलनी आता जावाचं प्लगिन सोडून सहीसाठी वेगळा छोटा प्रोग्रॅम दिलाय, तो एकदा इन्स्टॉल केला की कुठल्याही नव्या ब्राउझरमधे टोकन चालतं, आपल्या सेटअपवाल्याला ते माहीतच नसतं किंवा त्याला परत यायचं नसतं. एखादं पोर्टल इंटरनेट एक्सप्लोररच मागत असेल तर एजमधे आयई मोड आहे, मायक्रोसॉफ्टने तो किमान २०२९ पर्यंत ठेवणार म्हटलंय, त्यात फक्त तेवढीच साइट जुन्या पद्धतीने उघडते आणि बाकी ब्राउझर नवाच राहतो. आणि टोकन काम झाल्यावर काढून ड्रॉवरमधे ठेवा, दिवसभर खोचून ठेवू नका.

प्रश्न : माझ्याकडे विंडोज ७ चा डेस्कटॉप आहे, उत्तम चालतो. क्रोम म्हणतं यापुढे अपडेट मिळणार नाहीत. पेन्शनचं खातं बघतो, बँकेची साइट व्यवस्थित उघडते. मग हरकत काय?
– एक निवृत्त वाचक, कोथरूड, पुणे

काका, साइट उघडते म्हणजे सगळं ठीक आहे असं नसतं हो. विंडोज ७ आणि ८ वर क्रोमची १०९ ही शेवटची आवृत्ती, जानेवारी २०२३ ची. वर मी ज्या फोटोच्या भोकाबद्दल लिहिलं ते त्यानंतरचं आहे, आणि त्यानंतर अशी आणखी कितीतरी भोकं बुजवली गेली. विंडोज ७ ला खुद्द मायक्रोसॉफ्टनेच १४ जानेवारी २०२० ला सोडलंय, म्हणजे ब्राउझर बदलला तरी खालची जमीन जुनीच. मोझिलाने विंडोज ७ वाल्यांसाठी फायरफॉक्स ११५ ईएसआर ची मुदत बऱ्याच वेळा वाढवली, पण ती सोय कायमची नाही, तिच्यावर पेन्शनचं खातं ठेवू नका.

माझं म्हणणं असं की बँकेचं काम आजपासून त्या मशीनवर बंद. फोन बऱ्यापैकी नवा असेल तर फोनवर करा. डेस्कटॉप टाकून द्यायचा नसेल तर त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही सिस्टिम टाकता येते, ते फुकट आहे, जुन्या मशीनवर छान पळतं आणि ताजं फायरफॉक्स मिळतं. नातवंडांपैकी कुणी इंजिनिअरिंगला असेल तर एका दुपारचं काम आहे, फक्त आधी फोटो आणि कागदपत्रं पेनड्राइव्हवर काढून घ्या.

हेच विंडोज १० वाल्यांनीही वाचा. त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ब्राउझर लगेच बंद पडत नाहीत, एज तर विंडोज १० च्या २२एच२ या शेवटच्या आवृत्तीवर किमान ऑक्टोबर २०२८ पर्यंत अपडेट होत राहणार आहे, पण विंडोजच्या स्वतःच्या दुरुस्त्यांसाठी मायक्रोसॉफ्टच्या वाढीव योजनेत नाव नोंदवावं लागतं.

प्रश्न : एक वेबसाइट उघडली तर पूर्ण पानभर आलं की तुमचा क्रोम जुना आहे, अपडेट करा. मी बटण दाबलं, एक फाइल डाउनलोड झाली. उघडली नाहीये अजून. उघडू का?
– एक विद्यार्थी, लातूर

नको! उघडू नकोस, डिलीट कर, रीसायकल बिनमधूनही काढ. कुठलीही वेबसाइट तुझा ब्राउझर अपडेट करत नाही, कधीच नाही. खरं अपडेट ब्राउझरच्या स्वतःच्या मेनूतून येतं नाहीतर फोनवर प्ले स्टोअरमधून, वेबसाइटच्या पानावर ते कधी येत नसतं. ही टोळ्यांची जुनी युक्ती आहे, सॉकघोलिश या नावाने ओळखला जाणारा प्रकार तर कित्येक वर्षं चालूच आहे. ते लोक चांगल्या साध्या साइट हॅक करतात, म्हणजे एखाद्या क्लासची, एखाद्या पतसंस्थेची साइट असू शकते, आणि तिथे अगदी क्रोमसारखं दिसणारं पान दाखवतात. फाइल झिपमधे किंवा डॉट जेएस अशा शेवटाची असते आणि ती चालवली की आत घुसतात. नवीन प्रकारात तर "कीबोर्डवर विंडोज आणि आर दाबा, मग हे पेस्ट करा" असं सांगतात, ते तर मुळीच करायचं नाही. फोनवर एपीके, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून इन्स्टॉल करायची फाइल, देतात, ते पण नाही.

चुकून चालवली असशील तर आधी नेट तोड, दुसऱ्या डिव्हाइसवरून मेलचा आणि बँकेचा पासवर्ड बदल, मशीन जाणकाराकडून तपासून घे. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन, जेवढा उशीर तेवढी रक्कम अडवणं अवघड.

प्रश्न : अपडेटमधूनच व्हायरस आला असं एक्स्टेन्शनच्या बाबतीत झालंय म्हणे. मग ऑटो अपडेट बंदच ठेवलेलं बरं ना?
– एक वाचक, पणजी

झालंय हे खरं आहे. डिसेंबर २०२४ मधे सायबरहेवन या डेटा सिक्युरिटीच्याच कंपनीच्या एका कर्मचाऱ्याला फसवून हल्लेखोरांनी त्यांच्या क्रोम एक्स्टेन्शनची बनावट आवृत्ती नाताळच्या दिवशी पाठवली, एक्स्टेन्शन वापरणारे सुमारे ४ लाख, आणि ती साधारण एक दिवस चालू राहिली. पण यावरून ब्राउझरचं अपडेट बंद करायचं हे उलटंच झालं. ब्राउझर वेगळा, एक्स्टेन्शन म्हणजे त्याला वरून जोडलेली छोटी सोय वेगळी. एक्स्टेन्शन कमी करा हा यावरचा उपाय. पीडीएफ जोडणारं, स्क्रीनशॉट काढणारं, कूपन शोधणारं, एकदा कधीतरी टाकलेलं आणि विसरलेलं, सगळं काढा. "सगळ्या वेबसाइटवरचा डेटा वाचणे आणि बदलणे" अशी परवानगी मागणारं ठेवायचं असेल तर ते तुम्हाला रोज लागतंय का हा प्रश्न स्वतःला विचारा. ऑटो अपडेट चालूच ठेवा.

प्रश्न : मी न्यू जर्सीत असतो, आई साताऱ्यात एकटी. तिच्या जुन्या अँड्रॉइड फोनवर ती यूपीआय, लाइट बिल सगळं करते. मी आयफोनवाला, मला तिकडचं कळत नाही. काय काय बघायला सांगू?
– एक वाचक, न्यू जर्सी

आधी तुमचंच सांगते. आयफोनवर तुम्ही क्रोम वापरा नाहीतर फायरफॉक्स, अमेरिकेत आणि भारतात आत इंजिन अ‍ॅपलचं वेबकिटच असतं, त्याची दुरुस्ती आयओएसच्या अपडेटबरोबर येते. म्हणून नुसतं क्रोम अ‍ॅप अपडेट करून भागत नाही, फोन अपडेट करावा लागतो.

आईंच्या फोनवर उलट आहे. तिथे क्रोम प्ले स्टोअरमधून येतं, आणि त्याच्याबरोबर अँड्रॉइड सिस्टिम वेबव्ह्यू नावाचं एक असतं, इतर अ‍ॅपच्या आत जे वेबपान उघडतं ते त्यातून. त्याचा आयकॉन कुठेच दिसत नाही त्यामुळे लोक "हे काय भलतंच" म्हणून अपडेट टाळतात किंवा डिसेबल करतात. व्हिडिओ कॉलवर स्क्रीन शेअर करायला सांगा, पण आधी यूपीआय आणि बँकेची अ‍ॅप बंद करायला सांगा, आणि स्क्रीन शेअर फक्त तुमच्याबरोबर, फोनवरच्या कुठल्याही कस्टमर केअरवाल्याबरोबर नाही हे त्यांना पुन्हा पुन्हा सांगा. मग प्ले स्टोअर, वर उजवीकडे प्रोफाइल, मॅनेज अ‍ॅप्स, आणि तिथे क्रोम आणि वेबव्ह्यू दोन्ही अपडेट. बऱ्याचदा अपडेट अडकलेलं असतं कारण फोनमधे जागाच नसते, सगळी गुड मॉर्निंगच्या व्हिडिओंनी खाल्लेली असते, तर व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमधे स्टोरेजमधे जाऊन ते आधी उडवा. अपडेट फक्त वायफायवर असं ठेवलेलं असेल आणि घरी वायफायच नसेल तर ते कधीच होणार नाही, मोबाइल डेटावर चालेल असं करून द्या.

सेटिंगमधे अबाऊट फोनमधे अँड्रॉइडची आवृत्ती पण बघून घ्या. ८ किंवा ९ असेल तर त्यावर क्रोमची १३८ ही शेवटची, १३९ पासून किमान अँड्रॉइड १० लागतं. तसं असेल तर तुम्ही इथे यायची वाट न बघता त्यांना नवा फोन पाठवा, फार महागडा नको, फक्त दुकानदाराला एवढं विचारून घ्या की या मॉडेलला सिक्युरिटी अपडेट किती वर्षं मिळणार आहेत.